जिची ओळ, तिनेच दुरुस्त करायची

आमच्या ऑफिसात नियम एकच होता. जिने ओळ लिहिली, तिनेच ती दुरुस्त करायची. दुसरीने हात लावायचा नाही. चूक दिसली तर हाक मारायची, "ये वं, तुयं लेकरू रडून राहिलं," आणि जिचं लेकरू तिने उठून यायचं. अमरावतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दोन टेबलं आणि आम्ही दोघी. अकोल्याच्या डाळ मिलांसाठी सॉफ्टवेअर करायचो. तूर किती आली, किती ओली होती, तिच्यातून डाळ किती निघाली, एवढाच त्याचा संसार.

ती अकोल्याची. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायची आणि तिथून ऑटोने यायची. इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर होतो. शिकून सगळे पुण्याला पळाले, आम्ही दोघीच राहिलो. मी लग्नामुळे आणि ती आईमुळे. लोकांना वाटायचं आम्ही मैत्रिणी म्हणून धंद्यात टिकलो. खरं तर त्या नियमामुळे टिकलो. दुसऱ्याच्या ओळीत बोट घालणाऱ्यांच्या भागीदाऱ्या मी पुष्कळ मोडताना बघितल्या आहेत.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. प्रोग्रॅमची ओळ सुरू होण्याआधी थोडी जागा सोडतात, म्हणजे कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते कळतं. मी ती जागा स्पेसचं बटण चार वेळा दाबून सोडायची. ती टॅबचं बटण एकदा दाबायची. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. पण आमच्या धंद्यात या एका मुद्द्यावर शहाणीसुरती माणसं जेवणाच्या पानावरून उठतात. ती म्हणायची, "एका ठोक्यात काम होते, तू काहून चार चार खेपा ठोकत बसते?" मी म्हणायची, तुझा टॅब दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कुठल्या कुठे जातो. मग ती म्हणायची, "जाऊ दे न, येईन तो फिरून." जित्याची खोड, दुसरं काय.

ती पावसाळ्यात गेली. आधी साधा ताप वाटला, मग डेंग्यू निघाला, मग तिच्या भावाचा फोन आला. मी अकोल्याला जाऊन आले. बुद्धवंदना झाली, लोक बोलले, मी बसून होते. सोमवारी ऑफिस उघडलं आणि कामाला बसले. मला रडू आलं नाही. दाढ काढताना भूल देतात ना, जीभ लावून बघावं तर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं होतं. चहा प्यायला की नाही ते कप बघून कळायचं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे एक सोय असते. कोणत्याही ओळीशेजारी ती शेवटची कोणी बदलली त्याचं नाव दिसतं. त्या सोयीचं इंग्रजी नाव 'ब्लेम', म्हणजे दोष देणं. बनवणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असावा. आम्ही ती भांडायलाच वापरायचो. आता मी तो नावांचा रकाना दिवसभर उघडा ठेवू लागले. डावीकडे तिचं नाव, माझं नाव, पुन्हा तिचं. मी काही वाचत नव्हते. नावं दिसत होती तेवढं पुरत होतं.

दिवाळीनंतर अकोल्याच्या शेटजींचा फोन आला. आम्हाला पहिलं काम दिलं ते यांनीच. म्हणाले, "ताई, वजन जुळून नाही राहिलं." यंदा त्यांनी पोत्यापोत्याने वजन घ्यायला सुरुवात केली होती. ओल्या तुरीचं वजन कापताना आमचा प्रोग्रॅम दर पोत्याला आकडा पूर्ण किलोत करून टाकायचा. तो सगळ्या गाडीचा मिळून शेवटी एकदाच करायला हवा. पोती जितकी जास्त, तितकी तफावत जास्त. शेटजी म्हणाले, "नवी तूर बाजारात याच्या आत करून द्या, नाही त मले दुसऱ्याचं घ्या लागन." ते गेले की त्यांच्या शेजारचेही जाणार, हे मला कळत होतं. मग ऑफिसला कुलूपच लावायचं.

चूक कोणत्या ओळीत आहे ते मला लगेच सापडलं. शेजारी तिचं नाव होतं.

मी हात लावला नाही. तिच्या ओळीखाली माझ्या चार ओळी लिहिल्या, तिने केलेलं उलटं फिरवणाऱ्या. ट्रकभर माल आला की हिशोब जुळायचा, छोटा टेम्पो आला की बिघडायचा. म्हणून छोट्या टेम्पोसाठी आणखी ओळी. घराचं छप्पर गळतं आणि बाई खाली एकेक भांडं मांडत जाते, तसा तो प्रोग्रॅम झाला. माझ्या हाताखाली कोणी असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. शेटजींनी पुन्हा फोन केला, "मूळ कोनी लिवलं होतं हे?" मी म्हणाले, तिनं. ते म्हणाले, "राहू द्या, तिचं नाव नका घेऊ आता. पन दुरुस्त करा."

त्याच दिवसांत कॉलेजची मुलं यायची आणि विचारायची, मॅडम, प्रोग्रॅमिंगची कोणती भाषा शिकू? कोणती चालेल पुढे? एरवी मी यावर तासभर बोलले असते. आम्ही जुन्या भाषेत सुरुवात केली, ती मेली. मग दुसरीत सगळं पुन्हा लिहिलं, तीही म्हातारी झाली. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, जुनी भाषाच वाईट होती म्हणून चुका व्हायच्या. नाचता येईना अंगण वाकडं. भाषा कोणतीही घ्या, तुरीचा ओलावा तोच असतो आणि दोन माणसांना एकमेकांचं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. एवढं बोलायचाही कंटाळा यायचा. मी सांगायची, कोणतीही शिका.

आता तर आपण बोट उचलायच्या आत पुढची ओळ सुचवणारी अवजारं आली आहेत. माझ्याकडेही आहे. त्या अवजाराने ती ओळ स्वतःहून रंगवून दाखवली, इथे चूक आहे, ही घ्या दुरुस्ती. दुरुस्ती बरोबरच होती. मी 'नको' दाबलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा दाखवली, मी पुन्हा 'नको' दाबलं. त्याला आमचा नियम माहीत नव्हता.

शेटजींकडे जायचं म्हणून अकोल्याला गेले, तर आधी तिच्या आईकडे डोकावले. आई मूळच्या तेल्हाऱ्याकडच्या, मजुरी करून पोरांना शिकवलेल्या. त्या दारातच होत्या, बाजारात निघालेल्या. पायात तिची चप्पल होती, ऑफिसात ती टेबलाखाली काढून ठेवायची तीच, तपकिरी पट्ट्यांची. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"मीच घालून राहिली," त्या म्हणाल्या. "पडून राहून चामडं वाळते." मग मला आत नेऊन चहा टाकता टाकता विचारलं, "तिचं काम आता कोन पाह्यते वं?"

"तिचं तसंच आहे, आई. मी हात नाही लावला."

"काहून?"

नियम सांगितला असता तर तो किती पोरकट वाटला असता ते चहा उकळायच्या आत कळलं. त्या म्हणाल्या, "बिघडलं असन त नीट कर माय. तिले बिघडलेलं ठेवलेलं आवडे काय?"

शेटजींकडे न जाता मी परतीच्या गाडीत बसले. दुपारी ऑफिसात येऊन ती ओळ उघडली. पुसायच्या आधी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, मी शेजारचं नाव सोडून ओळ शब्दन् शब्द वाचली.

ओळीत ओलाव्यासाठी इंग्रजी शब्द होता, 'मॉइश्चर'. ती तसं कधीच लिहायची नाही. ती रोमन अक्षरांत सरळ 'ओलावा' लिहायची, तुरीला तूर, पोत्याला पोतं. इंग्रजीचा सोस मला होता. मी त्या ओळीचा आधीचा इतिहास काढला. ओळ माझी होती. चूक माझी होती. ती पुढे काहीतरी दुसरं काम करताना तिथून गेली होती, आणि जाता जाता माझ्या चार स्पेस काढून तिथे तिचा एक टॅब टाकून गेली होती. तेवढ्यासाठी तिने नियम मोडला होता, मला न सांगता. ओळ शेवटची तिने बदलली म्हणून नाव तिचं दिसत होतं. इतके महिने मी ज्याला तिचं म्हणून जपलं, त्यातली तिची फक्त सुरुवातीची कोरी जागा होती.

आणि शेटजींना मी सांगितलं होतं, तिनं लिहिलं.

तेव्हा रडू आलं. फार नाही. गाल आपला आहे एवढं कळण्याइतकं.

मग नियमाप्रमाणे मीच ओळ दुरुस्त केली. खाली मांडलेली सगळी भांडी उचलली, त्या ओळी पुसल्या. ट्रकचा हिशोब लावून बघितला, टेम्पोचा लावून बघितला, दोन्ही जुळले. सेव्ह केल्यावर डावीकडचं तिचं नाव गेलं आणि माझं आलं. शेटजींना फोन करून सांगितलं, चूक तिची नव्हती, माझी होती. ते म्हणाले, "मंग इतके दिवस काहून लागले, ताई?" मी म्हटलं, ओळ नीट वाचलीच नव्हती.

ओळीच्या आधी टॅबच ठेवला आहे. तो चुकीचाच आहे, हे मी तिला आजही सांगेन.