अंबादासच्या पाटीवरची अक्षरं

त्या दिवशी बीडला डोळ्यांच्या दवाखान्यात मी बाकावर डोळे मिटून बसलो होतो. नर्सबाईंनी थेंब टाकले होते आणि बजावलं होतं, "अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत, काका." तेवढ्यात फोन वाजला. बायकोने उचलला, क्षणभर ऐकलं आणि माझ्या कानाला लावला. पुण्याहून वैशाली बोलत होती, माझ्या मित्राची, तलवाड्याच्या अंबादासची मुलगी. "काका, आप्पा गेले... गिरणीच्या ओट्यावर बसले होते, बसल्या जागीच... मी निघालेय." मी नुसतं "बरं" म्हणालो. बरं! आणि खरं सांगायचं तर मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. पन्नास वर्षांहून जुना मित्र गेला आणि मी थेंब वाया जातील या धास्तीने अर्धा तास पुरा होईपर्यंत डोळे मिटून बसलो. याची लाज अजून जात नाही.

मग आत बोलावलं. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड मारून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दाराची चौकट वाकडी दिसते का?" दिसत होती. दोन महिन्यांपासून दिसत होती आणि मी सुताराला शिव्या घालत होतो. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. झिजलेलं परत येत नाही, पुढचं जमेल तेवढं लांबवायचं. "वाचायची आवड आहे ना? मग मोठ्या अक्षरांचं वाचा. आता ई-रीडर मिळतात, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं." मी मान डोलावली. त्याच यंत्रावरून मी अंबादासशी तीन वर्षं भांडलो होतो, आणि तो त्या वेळी तलवाड्यात घरात निजवलेला होता.

मी मुळात भित्रा माणूस. चकलांब्याला जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून नोकरी केली, मस्तवाल बैलांची मुंडकी धरली, पण सुई टोचताना तोंड फिरवून उभा राहायचो. अंबादास याच्या बरोबर उलट. गेवराईच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. विहिरीत तो उडी मारायचा, मी काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायचो. "भ्यालास का बे?" हे त्याचं माझ्याशी बोलणं सुरू करायचं वाक्य होतं. पुढे त्याने वडिलांची पिठाची गिरणी धरली आणि वाचनाचा नाद लावून घेतला. नाद कसला, व्यसनच. डब्यांची रांग लागलेली असायची, पट्टा फडफडत असायचा आणि हा एका हाताने गिरणीच्या सुपात ज्वारी ओतताना दुसऱ्या हातात पुस्तक धरून उभा. बायका म्हणायच्या, "अंबादासभाऊ, ध्यान कुठं हाय? पीठ जाडं यायलंय!"

आमच्या दोघांत एकच प्रत घ्यायची पद्धत होती. आधी तो वाचणार, मग गेवराईच्या स्टँडवर भेटून मला देणार. आवडलेल्या वाक्याखाली तो पेन्सिलीने रेघ मारायचा, मला पटलं नाही की मी शेजारी फुली. पुस्तक उघडलं की पानांच्या बेचक्यातून पीठ सांडायचं. बायको कुरकुर करायची की तुमची पुस्तकं झाडली तर एक भाकरी होईल. मला मात्र त्या पिठाचा वास आला की पुस्तक चांगलं असणार, अशी खात्रीच वाटायची.

तीन वर्षांपूर्वी वैशालीने त्याला ते यंत्र पाठवलं. अंबादास त्याला पाटी म्हणायचा. स्टँडवर त्याने ती मला दाखवली तेव्हा मी हातही लावला नाही. चुकीचं बटण दाबलं गेलं तर? सगळी पुस्तकं एका झटक्यात पुसली गेली तर? आणि मुख्य म्हणजे, पाटीवर तो वाचणार म्हटल्यावर माझ्यापर्यंत काय येणार? तसं मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तू बी घे की एक. कावून अडून बसलास?" मी म्हणालो, "मला कागदच लागतो." त्यावर तो गप्प बसला. अंबादास गप्प बसतो हेच मला टोचायला हवं होतं, पण मी माझ्याच रागात होतो.

त्या दसऱ्याला मी तलवाड्याला गेलो होतो. त्याच्याकडे गिरणीची पूजा असायची. जात्याचे दगड, पट्टा, मापं आणि शेजारी पाटावर पुस्तकं. या वेळी पुस्तकांवर ती पाटी, चालू करून ठेवलेली. देवाला काय वाचतोय ते दिसू दे, म्हणाला. ओल्या बोटांनी त्याने काचेवर हळद लावली, कुंकू लावलं, आणि काय झालं कोण जाणे, अक्षरं एकदम फुगली. बोटभर एकेक अक्षर. मी ओरडलो, "बिघडवलीस बे! पूस ते आधी, पूस!" मोबाइलच्या दुकानातल्या माणसाला बोलवायला मी उठलोसुद्धा. अंबादासने पाटी उचलली, तोंडाजवळ नेली आणि म्हणाला, "बस खाली. लई बरं दिसायलंय. असंच राहू दे." मला वाटलं थट्टा करतोय. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. जेवताना मी त्याला नको ते बोललो. म्हणालो, "तू पुस्तकं सोडून बाटलास." त्याने ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी टाकली.

त्यानंतर स्टँडवरच्या भेटी संपल्या. मी मुद्दाम टाळल्या. दर रविवारी त्याचा फोन मात्र यायचा. नव्या कादंबरीत काय चाललंय ते तो इतकं रंगवून सांगायचा की मला वाटे, हा भराभर वाचतोय, मजेत आहे. मी हूं हूं करायचो. एकदाच म्हणाला, "तू इकडं ये, एक जुनं पुस्तक वाचून दाखव मला. लई दिवस झाले कागदाचा वास घेऊन." मी म्हणालो, तुझी पाटी वाचून दाखवत नाही का? किती कडू बोललो मी...

तेराव्याला गेलो. गिरणी बंद होती. जेवणं झाल्यावर वैशाली ती पाटी घेऊन माझ्याजवळ आली. "काका, ही तुमाला द्यायची असं आप्पा म्हणायचे." मी हात मागे घेतला. तेव्हा तिने सांगितलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा गेलेला होता. यंत्र येण्याच्या आधीपासून त्याला कागदावरचं दिसत नव्हतं. "आईला आन् मला शपथ घातलती त्यांनी. काकाला सांगू नका म्हणायचे, लई भित्रा हाय तो, त्याला झोप यायची न्हाई." शेवटची दोन वर्षं पीठ जाडं की बारीक हे तो चिमटीवरच ओळखायचा. ते तर तो पहिल्यापासूनच करायचा, मला कसं कळणार होतं? असं मी स्वतःला समजावलं. पण पटलं नाही. स्टँडवर त्याने दोनदा मला चुकीची एसटी दाखवली होती आणि मी हसलो होतो.

पाटी घरी आणली आणि आठ दिवस कपाटात ठेवली. मला तिची भीती वाटत होती, साधी, लहान पोराला वाटते तशी. ती हातात घेतली म्हणजे डॉक्टरांचं बोलणं मान्य केलं. कपाटात पुस्तकं होती, सगळी ओळखीची. रोज एक काढायचो आणि खिडकीशी जाऊन तपासायचो की ओळ अजून सरळ आहे ना. नव्हती. मधल्या शब्दावर धुकं बसल्यासारखं व्हायचं आणि मी पुस्तक मिटून परत ठेवायचो. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, एकदा उघडून तर बघा. खात न्हाई ती तुमाला."

उघडली. कडेला वाळलेलं कुंकू होतं, काचेच्या फटीत पीठ. आणि पडद्यावर पाच शब्द. अख्ख्या पानावर फक्त पाच. मी चष्मा काढला, हात लांब केला, तरी लख्ख वाचता येत होते. इतकं मोठं अक्षर त्याला लागत होतं! दसऱ्याला फुगलेलं अक्षर याच्या निम्मंही नव्हतं. म्हणजे त्यानंतर तो एकेक पायरी वाढवत गेला असणार, आणि आता पुढे वाढवायला पायरी उरली नव्हती. एवढ्यावर तो जाड कादंबरी निम्म्याच्या पुढे वाचून बसला होता, आणि रविवारी मला रंगवून सांगत होता. मी भ्यालो. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, ते मला सांगता येणार नाही. बायको वाकून बघत म्हणाली, "बारीक करून घ्या की, तुमाला कुठं एवढं मोठं लागतंय." कसं करायचं ते वैशालीने दाखवलं होतं. पण बोट पुढे होईना.

संध्याकाळी वैशालीला फोन केला. म्हटलं, "पाटी चालू केली. तुझ्या बापाची अक्षरं तशीच ठेवलीत."

तिने विचारलं, "काका, खरं सांगा... तुमाला बी तेवढी मोठी लागतात का?"

"न्हाई गं," मी म्हणालो. "अजून न्हाई."

मग ती म्हणाली, "आप्पा बी असंच म्हणायचे."

फोन ठेवला. बायको दिवा लावायला आत गेली होती. मी पाटी मांडीवर घेतली आणि पुढच्या पाच शब्दांसाठी काचेवर बोट टेकवलं.