चालू आहे, बंद करू नये

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या आमच्या कॉलेजात पहिल्या तासाची हजेरी घेत होतो. "तायडे सर गेले," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "डॉक्टर दोन दिवस म्हणाले होते. एकोणीस काढले त्यांनी." तिच्या आवाजात रडू होतं, पण त्या एकोणीसवर जो जोर होता तो मी ओळखला. तो सरांचाच. मी हजेरीपट मिटला आणि बोदवड गाठलं. आज त्याला पाच आठवडे झाले. शोकसभेत जो तो म्हणत होता, सर फार शांतपणे गेले, समाधानाने गेले... साफ खोटं. सर भांडत गेले. ते कशासाठी भांडायचे हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, कारण त्यातलं एक भांडण माझ्याशी होतं.

सर जळगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. घर बोदवडच्या बौद्धवाड्यात, वडील स्टेशनवर हमाल. शाळेतल्या एका मास्तरांनी भर वर्गात सांगून टाकलं होतं, हा पोरगा दहावीच्या पुढे जात नाही. "मास्तरांची चूक एकच झाली," सर दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचे, "ते मला ऐकू येईल असं बोलले." वर्ग हसला की खडू घेऊन फळ्याकडे वळायचे आणि त्याच वाक्यातून त्यांच्या विषयातला सगळ्यात अवघड सिद्धांत काढायचे. समजा, कुणी एक सर्वज्ञ प्रोग्राम लिहिला. त्याला जगातला कुठलाही प्रोग्राम दाखवा, तो छातीठोकपणे सांगणार, हा थांबेल किंवा हा कधीच थांबणार नाही. ठीक. आता मी एक उलटखोपडीचा प्रोग्राम लिहितो. तो आधी त्या सर्वज्ञालाच विचारतो, माझं काय होणार? "थांबशील" असं उत्तर आलं, की हा गरगर फिरतच राहतो. "थांबणार नाहीस" म्हटलं, की जागच्या जागी थांबतो. म्हणजे सर्वज्ञ काहीही बोलला तरी तोंडघशी पडतो! एखाद्या प्रोग्रामबद्दल सांगता येईल, शंभरांबद्दल येईल, पण सगळ्यांबद्दल सांगणारा असा कुणी असूच शकत नाही. हे आमच्या जन्माच्या कितीतरी आधी सिद्ध झालेलं आहे. सर मात्र असं शिकवायचे, जणू काल दुपारी त्यांच्या घरीच घडलं.

मी शिंदखेड्याचा, सरांचा विद्यार्थी, आणि पुढे काही वर्षं त्यांच्याच विभागात नोकरीला. प्रॅक्टिकलची परीक्षा तपासायचा प्रोग्राम मी लिहिला. मुलांचा प्रोग्राम चालवायचा, दहा सेकंद वाट बघायची, उत्तर बरोबर तर गुण द्यायचे. दहा सेकंदांत थांबला नाही तर पडद्यावर लाल अक्षरं यायची, "हा प्रोग्राम कधीच थांबणार नाही", आणि नियमाप्रमाणे सगळ्या पेपराला शून्य. "सर, बठ्ठं बराबर शे," सगळं बरोबर आहे, असं मी ऐटीत सांगितलं होतं. सर माझ्या अहिराणीची नेहमी थट्टा करत, तशी केली, आणि त्या गडबडीत ती लाल ओळ त्यांनीही वाचली नाही.

त्या वर्षी शून्य मिळालं सुनंदाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची पोर, आई रावेरला केळी भरायच्या कामावर. प्रश्न होता, दिलेल्या वजनांच्या वस्तू दिलेल्या खोक्यांत बसवून दाखवा. सुनंदाने आईला बघून जे येत होतं ते लिहिलं. फण्या भरायच्या, झाकण लागतं का बघायचं, नाही लागलं तर सगळं बाहेर काढून दुसऱ्या तऱ्हेने भरायचं, लागेपर्यंत. लहान उदाहरणं चुटकीसरशी सुटली. शेवटच्या मोठ्यावर दहा सेकंद उलटले आणि लाल ओळ आली. नापास झाली तर घरचे तिला परत नेणार होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी मी निकालावर सही केली. नियम तो नियम, असं स्वतःलाच बजावलं... त्याची लाज मला अजून वाटते.

सरांनी सही केली नाही. मला लॅबमध्ये बोलावलं आणि रागावले की तोंडात यायची ती बोदवडची बोली आली. "तुह्या प्रोग्रामनं पाह्यलं किती?"

"दहा सेकंद."

"अन् बोलला कव्हाचं? कायमचं! तुले कोनं सांगतलं का थांबनार नाही? उशीर लागला म्हन, मले माहीत नाही म्हन. उशिराचे गुन काप. पन पोरीचं शेवट लिहाले तू कोन?"

मी म्हणालो, तिची रीतच अडाणी आहे, खोकी बसणारी नसतील तर ती जन्मभर भरत बसेल. "बसनारी नसतील तर!" सर म्हणाले. "तुले तरी माहीत हाय का?" मला माहीत नव्हतं. सरांनी सुनंदाचा प्रोग्राम कोपऱ्यातल्या मशीनवर चालू केला, पुठ्ठ्याचा तुकडा कापला, त्यावर ठळक लिहिलं, "चालू आहे. बंद करू नये", आणि दोरीने मॉनिटरला टांगला. विभागप्रमुख चिडले, शिपाई हसले, परीक्षेच्या कामातून सरांना काढून टाकण्यात आलं. सर रोज त्या मशीनपाशी डबा खायचे. सोमवारी लावलेला प्रोग्राम गुरुवारी दुपारी, कळण्याच्या भाकरीचा घास हातात असताना थांबला. सगळी खोकी बसली होती. मी मान खाली घालून उभा होतो. मला वाटलं, आता सर जिंकल्यासारखे हसतील. ते म्हणाले, "थांबला म्हनून तू चुकला असं नको समजू. नसता थांबला तरी तुले माहीत नव्हतंच." मग सुनंदाचा पेपर हाताने तपासला गेला. मोठ्या उदाहरणाचे गुण कापले, बाकीचे मिळाले, आणि ती पास झाली. माझी लाल ओळ मी त्याच संध्याकाळी बदलली. "दहा सेकंदांत थांबला नाही. पुढचं माहीत नाही."

तो पुठ्ठा सरांनी जपून ठेवला. निवृत्तीनंतर घरी नेला, आणि या शेवटच्या आजारात दवाखान्यात मी भेटायला गेलो तर खाटेच्या दांडीला तोच टांगलेला! सिस्टरबाई वैतागल्या होत्या, सरांच्या पत्नी, आमच्या अक्का, पदराआड हसत होत्या. डॉक्टर दोन दिवसांचं बोलले ते सरांनी ऐकलं होतं. "मास्तरवानीच," सर मला म्हणाले, आवाज पार खोल गेला होता, "ऐकू येईल असं बोलले ना बाप्पा." लोक म्हणतील, शेवटी गेलेच ना. गेले. कायम चालू राहण्याचा दावा त्यांनी कधी केलाच नव्हता. आपला शेवट दुसऱ्याने आधीच लिहून टाकावा, एवढंच त्यांना मान्य नव्हतं, आणि मलाही नाही.

जलदान विधीच्या दिवशी सुनंदाने अक्कांकडून तो पुठ्ठा मागून घेतला. ती आता जळगावच्या त्याच लॅबमध्ये शिकवते. परवा मी मुद्दाम गेलो. कोपऱ्यातल्या मशीनवर पुठ्ठा होता, दोरी नवी, अक्षर सरांचं.

"काय चालू आहे?" मी विचारलं.

"तोच प्रोग्राम. या वेळी खोकी जास्त आहेत. सर गेले त्या दिवशी लावलाय."

"थांबेल का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, थेट सरांसारखं. "तुम्हीच सांगा. तुम्ही तर दहा सेकंदांत सांगायचात."

 सर डबा खायला बसायचे ते स्टूल मी ओढलं आणि मशीनसमोर बसलो.