ब्रेक कोणाच्या हाती?

तुटलेल्या ब्रेक वायरींसाठी माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात मी एक डबा ठेवलाय. डबा भरला की भंगारवाला नेतो. वायरींसोबत आलेले किस्से मात्र कोणीच नेत नाही हो! ते डोक्यात साचतात, आणि तुमच्यासारखं कोणी बाकड्यावर टेकलं की बाहेर पडतात.

*

आमच्या केशोरीत सायकल ब्रेकने थांबवत नाहीत, पायाने थांबवतात. चप्पल जमिनीवर घासायची, झालं! एकदा शेजारचा सदू अनवाणीच आला.

"चप्पल तुटली बे. सायकल थांबूनच नाही रायली. ब्रेकची वायर टाकून दे."

म्हटलं, चला, अक्कल आली एकदाची! नवी वायर टाकली, नट आवळला, ब्रेक कसा झकास लागला. तर जाता जाता म्हणतो,

"बाजाराच्या दिवशी नवी चप्पल घेतो. मंग हे काढून घेजो!"

*

अंगणवाडीच्या बाईंच्या सायकलचा ब्रेक कडक चाले, दाबला की ओरडे. त्यांच्या नवऱ्याला सांगितलं, वायरला थोडं तेल सोडा. माणूस हौशी! वायरला सोडलं, ब्रेकच्या रबराला सोडलं, रिमलाही चोपडलं. दुसऱ्या दिवशी बाई डोक्यात तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, घेऊनच दुकानात. उतारावरून सरळ तणसाच्या ढिगात घुसल्या होत्या.

"भाऊ, पहिले ब्रेक ओरडे. आता मले ओरडा लागते!"

*

इटियाडोहचं धरण बघायला निघालेला गोंदियाचा एक पोट्टा, भारी सायकल, डोळ्याला काळा चष्मा. "भैया, ब्रेक एकदम टाइट चाहिए." केला टाइट. सांगितलंही, समोरचा ब्रेक हळू दाबा. ऐकतो कोण! चक्कर मारून भन्नाट वेगात आला, समोरचा दाबला, आणि सायकल मागे ठेवून स्वतः पुढे गेला. मी धावलो. तो पडल्या पडल्याच अंगठा दाखवून म्हणतो,

"हाँ भैया, अब बराबर है!"

*

पण सगळ्यात डोकं खाल्लं ते आमच्या घरच्या सायकलने. बाबा रोज सकाळी कालव्याच्या पाळीवरून शेतावर जातात. तिथला उतार वाईट. एकदा ते सायकलसकट कालव्यात गेले, तेव्हापासून मायचा जीव थाऱ्यावर नाही. ती गुपचूप दुकानात आली.

"बापू, ब्रेक असा आवळून दे का सायकल आंगनातून निघालीच नाही पायजे."

दिला आवळून. संध्याकाळी बाबा हजर.

"सायकल लय जड होऊन रायली बे. का मीच म्हातारा झालो?"

त्यांचं तोंड बघवेना. दिला ढिला करून. की माय पुन्हा हजर! ती आवळायला सांगायची, ते ढिला करून घ्यायचे. एकाच जागी आवळून-सोडून वायरचे धागे सुटले, आणि एके दिवशी ऐन उतारावर ती तुटली. नशीब, बाबा या वेळी कालव्यात नाही, धानाच्या बांधीतल्या चिखलात गेले. डोळे तेवढे पांढरे, बाकी सगळा चिखल, असे दुकानात आले. मागून माय.

"दे ते सायकल भंगारात!"

बाबा एरवी भांडले असते. त्या दिवशी हळूच म्हणाले, "सायकल गेली त मी घरी बसून काय करू वो?"

माय सायकलभोवती एक चक्कर मारून आली. मग मला म्हणाली,

"वायर लांब भेटते का रे?"

"केवढी लांब?"

"कॅरियरपर्यंत."

मी बाबांकडे बघितलं. ते चिखल पुसत बसले. मग काय, मागच्या ब्रेकचा लिव्हर सीटखालच्या दांड्याला बसवला. कॅरियरवर बसणाऱ्याच्या बरोबर हाताशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला आधीच आलो होतो, मागून दोघं निघाले. बाबा पायडल मारतात, मागे माय पदर खोचून लिव्हर धरून. सगळं गाव बघायला उभं! आणि दुकानासमोर सपाट रस्त्यावर सायकल कचकन थांबली.

"काऊन दाबला वो? उतार कुठी आहे इथं?" बाबा वैतागले.

"तुमी त रोज पोराच्या दुकानासमोरून सरळ निघून जाता," माय म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "जेवला का रे, बापू?"