आपांच्या स्क्रीनवरची उर्दू

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आपा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मी जळगावात नोकरीला आले, वरची खोली भाड्याने घेतली, तेव्हापासून नळाला पाणी आलं की खालून मला हाक मारणाऱ्या त्याच. त्यांचा मुलगा धुळ्याला असतो, दोन-चार यंत्रमाग चालवतो. दर भेटीत तो म्हणायचा, "अम्मी, आता बस झालं एकटीने राहणं, चला आमच्याकडे." आपा "हो हो" म्हणायच्या आणि त्याला डबा बांधून धुळ्याच्या बसला बसवून द्यायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उत्तम झालं. मुलाने त्या खुशीत घरचा जुना कॉम्प्युटर आणून त्यांच्या टेबलावर मांडला, इंटरनेट जोडून दिलं. त्याला कारणही होतं. आपांची नात आठवीत होती आणि मुलांच्या एका उर्दू मासिकाच्या वेबसाइटवर तिची गोष्ट आली होती. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर आजीने ती वाचावी, हे नातीला पसंत नव्हतं.

त्यानंतर आपा गप्प गप्प झाल्या. जिन्यात भेटल्या तर हसायच्या, पण थांबायच्या नाहीत. मला वाटलं, उन्हाने थकल्या असतील.

एका रविवारी सकाळी मी गिलक्याची भाजी द्यायला खाली गेले. आपा कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. पडदा चालू, हात मांडीवर, चष्मा काढून बाजूला ठेवलेला.

"वाचली का गोष्ट?" मी विचारलं.

"बेटी, दार लोटून घे." मी दार लोटलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "डोळे गेले माझे. ऑपरेशन बेकार गेलं."

मी हातातली वाटी टेबलावर ठेवली. त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या दिवसापासून पडद्यावरची अक्षरं त्यांना धुरात बुडाल्यासारखी दिसत होती. उर्दूत सगळा खेळ नुक्त्यांचा, म्हणजे अक्षरांवर-खाली येणाऱ्या टिंबांचा. एक टिंब की दोन की तीन, त्यावर अक्षर ठरतं. इथे तर टिंबं एकमेकांत मिसळून गेलेली. नातीचा रोज फोन यायचा, "दादी, वाचली?" आणि आपा म्हणायच्या, "वाचते, सवडीने वाचते."

"मुलाला सांगितलंत?"

"त्याला कळलं तर उद्याच्या उद्या सामान बांधेल माझं. मग ही खोली बंद."

टेबलावर गोळ्यांची पट्टी पडली होती. तीच उचलून मी पुढे केली. "यावर काय लिहिलंय?" त्यांनी चष्मा लावला आणि पट्टीवरचं बारीक अक्षर, अगदी कडेची मुदतीची तारीखसुद्धा, घडाघडा वाचली.

"मग आपा, डोळे कुठे गेले?"

"कागदावर दिसतं गं. पडद्यावर दिसत नाही. उजेडातलं दिसत नसेल."

मी त्यांच्या खुर्चीशी वाकून पडद्याकडे पाहिलं. मला उर्दू वाचता येत नाही, त्यामुळे ते अक्षर स्वच्छ आहे की नाही हे मला कळेना. म्हणून मी एका मराठी वर्तमानपत्राचं पान उघडलं. उघडलं आणि शिरपूरकडच्या माझ्या घरची बोली आपोआप तोंडातून बाहेर पडली, "हाई ते बठ्ठंच धुरकट शे!"

"काय?"

"आपा, मलाही धूसरच दिसतंय. माझे डोळे तर धडधाकट आहेत!"

"खरं सांगतेस? की माझं मन राखायला?"

"तुमची शपथ."

आता दुरुस्त करायचं कसं, हा प्रश्न होता. मी आधी ओढणीने काच पुसली. मागची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही फरक नाही. मी केळीच्या एका आडतीत दिवसभर कॉम्प्युटरवर बसते, पण बिघडलं की आम्ही माणूस बोलावतो. तो माणूस एकदा नवा पडदा जोडताना काय करत होता ते आठवायचा प्रयत्न केला. डेस्कटॉपवर माउसची उजवी कळ, डिस्प्ले सेटिंग, आणि तिथे रेझोल्यूशन. ते पडद्याला साजेशा आकड्यापेक्षा बरंच खाली आणलेलं होतं.

"हे कुणी बदललं?"

आपांना आठवलं. "मुलगा म्हणाला होता, अम्मी, अक्षर मोठं करून देतो."

मोठं झालं होतं खरं, पण पातळ वरणात पाणी घालून वाढवावं तसं. मी यादीतला 'शिफारस केलेला' आकडा निवडला. पडदा क्षणभर काळा झाला, आपांनी माझा दंड धरला, आणि पान परत आलं ते लख्ख. फक्त अक्षर मुंगीएवढं. मग कंट्रोल दाबून धरत अधिकचं बटण दाबत गेले. अक्षर वाढलं आणि या वेळी वाढूनही रेखीव राहिलं. आपांनी मराठी बातमीचा मथळा मोठ्याने वाचला. केळीच्या भावाची बातमी होती, पण त्यांनी ती एखादी खुशखबर असावी तशी वाचली.

मी नातीच्या गोष्टीचं पान लावलं. "झालं! वाचा आता."

आपा पुढे सरकल्या, वाचायला लागल्या, अडखळल्या. "साफ आहे. सगळे नुक्ते दिसतात. पण बेटी, हे अक्षर आपलं नाही."

"म्हणजे?"

"हे अरबीचं वळण आहे. सरळ रेषेत चालतं. उर्दू अशी येते," असं म्हणून त्यांनी हात वरून खाली, उजवीकडून डावीकडे तिरका उतरवला, जिन्यावरून कुणी सावकाश उतरावं तसा. "वाचता येईल, पण दर शब्दाला ठेच लागते."

मग मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये फॉन्ट शोधले. तिथे प्रत्येक लिपीसाठी वेगळा फॉन्ट निवडायची सोय होती. यादीतली नावं मला वाचता येत होती, अक्षर ओळखता येत नव्हतं. आपांचं नेमकं उलटं. म्हणून मी एकेक निवडायचे आणि तिथल्या नमुन्याच्या ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "हे?"

"नाही."

"हे?"

"हे तर लग्नपत्रिकेचं."

शेवटी नावातच 'उर्दू' असलेला एक फॉन्ट सापडला आणि आपा म्हणाल्या, "हेच!" निवडला, तरी पान जसंच्या तसं. मी वैतागले. मग खाली एक खूण दिसली, पानांना त्यांचे स्वतःचे फॉन्ट वापरू द्यायचे की नाही, अशी. ती काढून टाकली आणि पान पुन्हा उघडलं.

आता अक्षरं आपांच्या हातासारखी तिरकी उतरत होती. मी आपांकडे पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. त्या वाचत होत्या. मध्येच उठून त्यांनी कूलर बंद केला आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. गोष्ट एका शेळीची होती, जी रोज शाळेच्या दारात येऊन बसायची. काही शब्द मला कळले नाहीत, पण शेळीने हेडमास्तरांचा हजेरीपट खाल्ला तिथे आम्ही दोघी इतक्या हसलो की आपांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

शेवटाकडे त्या थबकल्या. "परत अंधुक झालं का?"

"नाही गं. पोरीने इथे एका शब्दाचे हिज्जे चुकवलेत." आवाज वर्गातला होता. कितीतरी दिवसांनी ऐकला मी तो.

त्यांनी लगेच धुळ्याला फोन लावला. आधी नातीला गोष्टीबद्दल शाबासकी, मग चुकलेला शब्द, मग पुन्हा शाबासकी. मुलगा फोनवर आला आणि डोळ्यांची चौकशी करू लागला. आपा म्हणाल्या, "माझे डोळे झकास आहेत. मोतीबिंदू तुझ्या कॉम्प्युटरला झाला होता, तो उतरवला आम्ही." मग जरा थांबून, मायेने, "तू अक्षर मोठं करून दिलंस, ते माझ्यासाठीच केलंस ना, मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी वरच्या ताईला विचारून कर."

मी गिलक्याची भाजी झाकून ओट्यावर ठेवली आणि निघाले. आपांनी हात हलवून निरोप दिला, पण मान वळवली नाही. त्यांनी त्याच मासिकातली दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट उघडली होती.