फिकट गुलाबी पाणी

ड्रेसरमामांच्या हाताला गुण आहे, असं त्या हॉस्पिटलात झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे म्हणत, आणि सगळ्यांत जास्त खुद्द मामा म्हणत. जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. तळमजल्यावरची ड्रेसिंगची खोली म्हणजे त्यांचं राज्य. एक उंच टेबल, एक गळका नळ, कापसाच्या बोळ्यांचे डबे आणि कोपऱ्यात जंतुनाशक सोल्युशनचा मोठा कॅन. मूळ सोल्युशन लालभडक. पाण्यात घातलं की ते गुलाबी होई, आणि कशाला किती गुलाबी हवं ते मामा मापाने नाही, नजरेने ठरवत. चिघळलेल्या पायाला गडद, टाक्यांना मध्यम, लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्याला फिकट. मापाचा ग्लास फडताळावर पालथा पडलेला असे. सिस्टर कधीमधी ओरडायची, तेव्हा मामा म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही चहात साखर मोजून घालता का?" सिस्टर हसायची आणि विषय तिथेच मिटायचा. हसायला नको होतं तिने, पण आता म्हणून काय उपयोग!

मामांच्या सगळ्या विद्येचं सार एकच होतं: कुठलंही औषध पातळ केलं की निभतं. कॅनवर बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं, पण ते वाचायच्या फंदात मामा कधी पडले नाहीत. वाचण्याचं खातं घरी बायकोकडे होतं.

तिचा एक डोळा लहानपणीच्या आजारात गेलेला. उरलेल्या एका डोळ्यावर तिने संसार केला, लेक वाढवली आणि रोज सकाळी अख्खा पेपर जाहिरातींसकट वाचला. तोही मोठ्याने, बातम्यांशी भांडत भांडत. मामा आरशासमोर दाढी करत असायचे आणि ती आतून ओरडायची, "अहो, ऐका, हा शहाणा काय म्हणतोय ते!" मामांना जगाची खबर मिळायची ती अशी, तिच्या शिव्यांच्या फोडणीसकट.

पुढे त्या एकुलत्या एक डोळ्यात मोतीबिंदू उतरला. आधी बारीक अक्षरं गेली, मग मथळे गेले. तरी ती पेपर मांडीवर घेऊन बसायची आणि म्हणायची, "आज काही विशेष नाही." मामांना ते ऐकवत नसे.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण कामाला चोख. ऑपरेशनआधी त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "एकच डोळा आहे, म्हणून जपायचं. मी देईन ते थेंब, बाकी काही नाही." ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली तशी बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा छापखान्याचा पत्तासुद्धा वाचून दाखवला. मग मामांकडे वळून म्हणाली, "अगंबाई, किती म्हातारे झालात हो तुम्ही! मला कुणी सांगितलंच नाही." मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. इतकं सुख त्या घराने कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही चार दिवस टिकलं नाही.

एका सकाळी तिच्या पापणीला थोडी चिकट घाण दिसली. ऑपरेशननंतर एवढं व्हायचंच. ओल्या कापसाने बाहेरून पुसलं असतं तरी भागलं असतं. पण मामांनी जन्मभर चिघळलेलंच पाहिलं होतं. हाही डोळा चिघळणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. घरात फडताळावर खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत ते नेहमी सोल्युशन आणून ठेवत. गल्लीतलं कुणी पडलं, कापलं, भाजलं की पहिलं मामांच्या दारात येई. त्यांनी ती बाटली काढली. स्टीलच्या वाटीत उकळून गार केलेलं पाणी घेतलं, बाटलीतले थेंब टाकले, वाटी खिडकीशी नेऊन रंग पाहिला. डोळ्याला हे जास्त होईल, असं वाटून ते ओतून दिलं आणि आणखी फिकट केलं. आयुष्यात कुणासाठी इतकं जपून त्यांनी सोल्युशन बनवलं नव्हतं.

मग दोन बोटांनी पापण्या फाकवून त्यांनी भिजलेला बोळा डोळ्यात पिळला. ऑपरेशनची चीर अजून ओली होती. बायकोने खाटेची कड घट्ट धरली.

"झोंबतंय हो."

"झोंबणारच. झोंबलं म्हणजे लागू पडलं." हे वाक्य त्यांनी आजवर हजारो लोकांना ऐकवलं असेल. त्यांनी ते सवयीने म्हटलं आणि पुन्हा बोळा बुडवला. संध्याकाळीही धुतलं.

दुसऱ्या दिवशी डोळा लालबुंद झाला होता आणि बुबुळावर दुधासारखी साय आली होती. मामा तिला घेऊन धावत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मामा, थेंबांशिवाय डोळ्यात काही गेलं का? साबण, पाणी, घरचं काही?" आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे, तुम्ही स्वतः ड्रेसर आहात, तुम्हाला काय सांगायचं. पण विचारायला हवं."

त्या एका वाक्यात मामांची सगळी अब्रू होती. हॉस्पिटलात नाव, गल्लीत नाव, हाताला गुण. "नाही," मामा म्हणाले. एवढासा शब्द! तो तोंडातून गेला आणि मग परत घेता येईना.

डॉक्टरीणबाई जंतूंच्या मागे लागल्या. थेंब बदलले, इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. आपण केलेलं सोल्युशन किती फिकट होतं, हे मामा मनाशी घोकत राहिले. एवढ्याने काही होत नसतं, दुसरंच काही असेल, थेंबच बिघडलेले असतील, अशी मनाची समजूत काढत राहिले. तोवर बुबुळ पांढरं फटक पडलं आणि बायकोला खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंही कळेना.

लेक सासरहून आली ती तणतणतच. "बाबा, त्या बाईने आईचा डोळा घालवला. मी तिला सोडणार नाही. तक्रार करणार, दवाखान्याला टाळं लावणार!" शेजारीपाजारी माना डोलावत होते. मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते. दवाखान्यातली ती निरपराध पोरगी आपल्यापायी फासावर जाते आहे, हे त्यांना दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता खोकल्याच्या औषधाची ती बाटली पिशवीत घालून दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीचं बूच उघडून हुंगलं आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. त्या ओरडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

"मामा, डोळा म्हणजे कातडी नाही. हे औषध डोळ्यात चालतच नाही, आणि कानाच्या आतही नाही. त्यात चीर ओली. ते थेट आत उतरलं. कॅनवरसुद्धा लिहिलेलं असतं."

"मी अगदी फिकट केलं होतं, बाई."

"कळतंय मला. पण ते वरच्या कातडीसाठीच आहे. आतल्या नाजूक अस्तराला फिकटसुद्धा जाळतं, आणि ते अस्तर पुन्हा येत नाही."

"त्या दिवशीच सांगितलं असतं तर?"

बाईंनी बाटलीला बूच लावलं. "धुता आलं असतं. औषधं वेगळी दिली असती. थोडं काही वाचलं असतं की नाही, ते छातीठोक नाही सांगता येत. पण मी इतके दिवस भलत्याच आजाराशी झुंजत राहिले, मामा."

"बुबुळ बदलतात म्हणे?"

"आतला डोळा शाबूत असला तर. त्यांचा तो राहिलेला नाही. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

मामा घरी कसे पोचले ते त्यांनाच ठाऊक नाही. लेक बाजारात गेली होती. बायको खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. त्यांनी तिच्यासमोर स्टूल ओढलं.

"अगं, त्या डॉक्टरणीचं काही चुकलेलं नाही. मी त्या दिवशी डोळा धुतला ना..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

मामांना वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसावं.

"तो वास ओळखत नाही होय मी? एवढी वर्षं तुमचे कपडे कोण धुतंय? बाईंनी मलाही विचारलं होतं. तुम्ही गोळ्या आणायला खाली गेला होतात तेव्हा. मी म्हटलं, काही नाही घातलं."

"का?" मामा म्हणाले. "तू तरी सांगायचं होतंस गं! डोळा तुझा होता."

"तुम्ही आधीच नाही म्हणून बसला होतात. परक्या माणसासमोर तुम्हाला खोटं पाडू?" तिने पदर सारखा केला. "मला वाटलं, घरी गेल्यावर तुम्हीच विचार कराल आणि उद्या जाऊन सांगाल. मग वाटलं, परवा सांगाल. मी रोज वाट बघत होते हो. सकाळी तुम्ही बाहेर निघालात की वाटायचं, आज सांगायला चाललेत."

मामांना तिचा हात धरायचा होता. पण आपले हात पुढे करायचं त्यांना धाडस होईना. ते मांडीवर हात ठेवून तसेच बसले. बाहेर कुणीतरी पडवीत बादली आपटली. मग बायकोने मान थोडी वळवली, खोलीच्या भलत्याच कोपऱ्याकडे, आणि विचारलं, "अहो, आहात ना? की गेलात?"