टेंभी नाक्याचं तिकीट

दुपारी मी आंघोळ करून बाहेर आले तर दार सताड उघडं आणि आई घरात नाही. तिचा मोबाइल कॉटवरच होता. वर्षभरापासून तिचं विसरणं वाढलं होतं, पण एकटी ती कधी बाहेर पडली नव्हती. वॉचमनने सांगितलं, आजी स्टेशनच्या बाजूला गेल्या. मी ओल्या केसांनी डोंबिवली स्टेशन गाठलं.

आई पूर्वी ठाण्याला टेंभी नाक्यावर मावशीकडे जायची तेव्हा खिडकीवर तिकीट काढायची. मग कूपनं आली. भिंतीवरच्या मशीनमध्ये घालून ठप्प शिक्का मारायचा, ते तिला आवडायचं. नंतर स्क्रीनवालं मशीन आलं. त्याला मात्र तिने कधी हात लावला नाही.

त्या मशीनपाशी रेल्वेतून रिटायर झालेले एक काका लोकांना तिकिटं काढून देतात. मी त्यांना आईचा फोटो दाखवला.

"टेंभी नाक्याचं तिकीट द्या म्हणाल्या," ते म्हणाले. "मी म्हटलं, यात टेंभी नाका नाही, ठाणं आहे. मग ठाण्याचं काढून दिलं."

मावशी जाऊन तीन वर्षं झाली होती. तिची बिल्डिंगही पाडली होती. ठाण्याला आई उतरली नाही तर, उतरून रस्ता चुकली तर, या विचाराने गाडीत मला बसवेना.

टेंभी नाक्यावर बिल्डिंगच्या जागी पत्रे ठोकलेत. समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर आई बसली होती. दुकानदाराने तिला पाणी दिलं होतं.

"अगं, ताईचं दारच सापडत नाहीये," ती म्हणाली.

काहीतरी थाप मारावी असं वाटलं, पण जमलं नाही. मावशी गेली, मी सांगितलं. आईने पत्र्यांकडे बघितलं.

"मला का नाही सांगितलंत?"

मावशीच्या दहाव्याला आई स्वतः हजर होती. मी तिच्या शेजारी टेकले.

दुसऱ्या दिवशी त्या काकांना माझा नंबर देऊन आले. त्यानंतर दोनदा त्यांचा फोन आला: आई आल्यात, बाकावर बसवलंय, या. हल्ली लोक मोबाइलवरच तिकीट काढतात, त्यामुळे काकाही रोज येत नाहीत. येणार नसले की आदल्या दिवशी मला कळवतात. त्या दिवशी मी दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली कमरेला खोचते.