हिला गाडी लागते

कोल्हापुरातल्या गाड्यांच्या शोरूमवाल्यांनी आजवर एकाच गिऱ्हाइकाचा धसका घेतला असेल, तर तो माझ्या थोरल्या साडूंचा. हे मी अभिमानानं सांगतोय की वैतागानं, ते माझं मलाही नीट ठरवता आलेलं नाही. कित्येक वर्षं ते एसयूव्ही घेत होते. घेत होते म्हणजे घेतलेली नव्हती. या काळात बाजारात नवी मॉडेलं आली, जुनी बंद पडली, काही विक्रेते कंटाळून दुसऱ्या शोरूमला गेले आणि तिथंही त्यांना साडूच समोर दिसले. रविवारी सकाळी माझा फोन वाजायचा. "पावणं, आवरलं का?" एवढंच ते विचारायचे. कशासाठी, असं विचारायची सोय नव्हती. मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत त्यांची जुनी जीप राजारामपुरीतल्या आमच्या दारात धूर सोडत उभी असायची. माझी बायको आतूनच "दाजी आले वाटतं" म्हणायची, पण बाहेर यायची नाही, कारण बाहेर दिसली की तिलाही जीपमध्ये घातलं जाई.

साडू राहतात कसबा बावड्यात. मागं ऊस, बाजूला म्हशींचा गोठा, पुढं नव्या पद्धतीचं घर. स्वतः धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, आणि आवाज असा की त्यांनी गोठ्यात म्हशीला हाक मारली तर शेजारचा माणूस ओ देतो. वापरून पाहिल्याशिवाय कुठलीही वस्तू घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा. यात वाईट काही नाही, पण वापरून पाहणं या शब्दांना त्यांनी जो अर्थ दिलाय तो दुकानदारांना झेपत नाही. गादी घ्यायला गेलो तेव्हा ते दुकानातल्या गादीवर आडवे झाले आणि चक्क घोरायला लागले. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं, मी रस्त्याकडं. जागे झाल्यावर म्हणाले, "डाव्या कुशीला बरी हाय, उजव्या कुशीचं अजून बघितलं न्हाय." चपला घेताना त्या पायात घालून बाहेर पडले आणि रंकाळ्याला फेरी मारूनच परत आले. आपल्या जुन्या चपला दुकानात ठेवल्या होत्या, मग दुकानदार एवढा का घाबरला, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. पंखा घेताना दुकानातल्या पंख्याखाली ते जेवणाचा डबा घेऊन बसल्याचंही ऐकलंय, पण त्या दिवशी सुदैवानं मी परगावी होतो.

अशा माणसाला गाडी घ्यायची होती, आणि तीही अशा कारणासाठी, की ज्याचा उल्लेख कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. आक्कांना गाडी लागते. लागते म्हणजे अशी, की गाडीचं दार लावल्याचा आवाज आला तरी त्यांचा चेहरा उतरतो. लिंबू झालं, आवळासुपारी झाली, आलं झालं, रिकाम्या पोटी बसून झालं, भरल्या पोटी बसून झालं. कुरुंदवाडला माहेरी जायचं तर सगळा सपाट रस्ता, तरी तिथं पोचल्यावर त्या आधी पडवीत आडव्या व्हायच्या आणि मग आईला भेटायच्या. त्यात एकुलती एक लेक दिली घाटाखाली, वैभववाडीच्या पलीकडं. लग्न कोल्हापुरातच झालं. त्यानंतर आक्का तिच्याकडं जायला एकदाच निघाल्या. गगनबावड्यापर्यंत कसाबसा तग धरला, आणि करूळ घाटाच्या पहिल्याच वळणावरून जीप माघारी फिरवावी लागली. पुढं लेकीनं घर बांधलं, वास्तुशांत झाली. आक्कांनी ते घर पाहिलं ते मोबाईलवर. लेक फोन धरून खोल्याखोल्यांतून फिरायची आणि आक्का बावड्यात बसून सांगायच्या, "भांडी लावल्यात त्या भिंतीला ओल येतीया बघ." फोन ठेवल्यावर बराच वेळ तशाच बसून राहायच्या. ते साडूंना बघवत नव्हतं. हिला लागणार नाही अशी गाडी जगात कुठंतरी असणारच, आणि ती आपण शोधायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पहिल्याच शोरूममध्ये आम्ही तिघं शिरलो, तसा टाय लावलेला एक विक्रेता हात जोडून पुढं आला. साडूंनी आडपडदा न ठेवता मुद्द्याला हात घातला.

"आमच्या हिला गाडी लागती," ते म्हणाले.

"अरे वा," विक्रेता आक्कांकडं बघून हसला. "मॅडमना कशी लागते? मोठी?"

"मोठी लईच लागती."

"मग सात सीटर दाखवतो."

"मागच्या शिटावर तर इचारूच नका. बसली की लागती."

"डिझेल लागते की पेट्रोल?"

"डिझेल जास्त. नुसत्या वासानं लागती."

"मॅडमची आवड अगदी पक्की आहे," विक्रेता खूश होऊन म्हणाला. "रोज लागते की कधीतरी?"

"बसंल तवा."

मी मध्ये पडायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला मजा येत होती. शेवटी तोंडाला पदर लावून आक्काच म्हणाल्या, "अवं, उलट्या हुत्यात मला." विक्रेता एक पाऊल मागं सरकला. मग त्यानं आम्हाला गाडीत बसवण्याआधी सीटवरचं प्लास्टिक जागेवर आहे ना, ते हळूच चाचपून पाहिलं.

तेव्हापासून गाडीतली प्रत्येक सोय साडू या एकाच तराजूत तोलू लागले. एअरबॅगा किती, टाकी केवढी, हे प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटायचे. सनरूफ बघितल्यावर मात्र त्यांचे डोळे चमकले. "हिला हुबी करायची, डोस्कं भाईर. वारं मिळालं की लागत न्हाय," असं म्हणून त्यांनी तिथंच आक्कांना उभं केलं. छतातून डोकं काढलेल्या आक्का शोरूमभर नजर फिरवून म्हणाल्या, "घाटभर अशीच हुबी ऱ्हाऊ व्हय? मिरवणूक हाय का माझी?" सनरूफ रद्द झालं. एका गाडीत ती वरून कशी दिसते ते पडद्यावर दिसायचं. तो फिरणारा पडदा बघून आक्कांना जागच्या जागी, गाडी बंद असताना लागली. तीही रद्द. एसीला बटण नसून पडद्यावर बोटं लावत बसायचं, हे कळल्यावर साडू म्हणाले, "तंवर हिचं काम झालेलं असतंय." रस्त्यावरचे पट्टे बघून आपणहून सरळ चालणाऱ्या गाडीशी तर त्यांची झटापटच झाली. उसाची ट्रॉली चुकवायला ते स्टिअरिंग एकीकडं फिरवत होते आणि गाडी त्यांना मागं ओढत होती. "गाडी कुनाची हाय?" असं त्यांनी तिला स्पष्ट विचारलं. आणि ऑटोमॅटिक गाडीत तर ते बसलेसुद्धा नाहीत. क्लच नाही म्हटल्यावर डाव्या पायानं करायचं काय, नुसता लोंबकळत ठेवायचा का, हा त्यांचा सवाल होता.

गाडी चालवून बघायची म्हणजे शिरोली फाट्यापर्यंत जाऊन परत, अशी शोरूमवाल्यांची पद्धत. साडूंना ती मान्य नव्हती. "सपाटीला कुटलीबी गाडी झ्याक पळती. पन्हाळ्याला घ्या," असा त्यांचा हुकूम असे. चालवायला साडू, शेजारी आक्का, मागं मी आणि जीव मुठीत धरलेला विक्रेता, अशी आमची वरात निघायची. वाघबीळला चढ सुरू झाला की निकाल लागायचा. आक्का हात वर करायच्या, साडू गाडी कडेला घ्यायचे, आणि आणखी एक मॉडेल बाद व्हायचं.

यातली एक गाडी बोलणारी होती. विक्रेत्यानं सांगितलं, नुसतं 'हाय' म्हणायचं, की ती आपलं ऐकते. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे संकटच. "झ्याक सोय हाय," साडू म्हणाले, आणि गाडीतून बाईचा आवाज आला, "बोला, मी काय मदत करू?" साडू दचकले. "तुला न्हाय गं बाई, पावण्यांशी बोलतोय. रस्ता बरा हाय न्हवं?" "बोला, मी काय मदत करू?" "ही कोन हाय मधी मधी बोलनारी?" "बोला." "लिंबू कुटं हाय?" यावर तिनं जवळची हॉटेलं दाखवायला सुरुवात केली. आक्का हसायला लागल्या. गाडीत बसून आक्का हसताहेत, हे मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून साडूही तेच पाहत असावेत, कारण नंतर ते उगाचच 'हाय, हाय' करत राहिले. मला वाटलं, सापडली गाडी. पण वाघबीळच्या चढाला हसू थांबलं आणि आक्कांचा हात वर झाला.

आक्का कडेच्या दगडावर बसल्या, चूळ भरली. साडू नेहमीसारखं "ही बी न्हाय" म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. आक्का त्यांच्याकडं बघत होत्या.

"तुमास्नी कशी लागत न्हाय?" त्यांनी विचारलं.

"मी चालवतोय की."

"मग मला चालवाय द्या."

साडू हसले. आक्का हसल्या नाहीत. "माहेरात वडलांचा ट्रॅक्टर चालवत हुते मी. कधी लागला न्हाय. स्कुटीवरनं रोज डेअरीला जाते, ती बी लागत न्हाय. दुसरा चालवाय लागला की लागती."

"ट्रॅक्टर येगळा, गाडी येगळी," साडू म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलले नाहीत. बोलणारी गाडीसुद्धा गप्प होती.

पुढचे काही रविवार माझा फोन वाजला नाही. सुटलो, असं वाटायच्या ऐवजी मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून मीच बावड्याला गेलो. उसाच्या कडेच्या वाटेनं ती जुनी जीप गचके खात येत होती, स्टिअरिंगवर आक्का होत्या, आणि साडू तिच्यापुढं उलट्या पावलांनी चालत दोन्ही हात हलवत ओरडत होते, "येऊ द्या, येऊ द्या, हां, बास." पुढं आक्कांनी मोटार ट्रेनिंग स्कूलला नाव घातलं, लायसन्स काढलं. मग साडू एक दिवस ज्या ऑटोमॅटिक गाडीत पूर्वी बसलेही नव्हते ती घेऊन मोकळे झाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी वस्तू न वापरता घेतली. विक्रेत्याला एवढंच विचारलं, "हिचा पाय पोचतोय न्हवं?" पूजेच्या वेळी चाकांखाली लिंबं ठेवली तेव्हा म्हणाले, "आता ह्या घरातली लिंबं ह्याच कामाला." ते चुकलं, पण त्यात त्यांचा दोष नव्हता.

पावसाळाभर आक्कांनी पन्हाळा आणि जोतिबाचे रस्ते पालथे घातले, आणि दिवाळी झाल्यावर आम्ही घाटाखाली निघालो. चालवायला आक्का, मागं मी आणि माझी बायको, आणि डावीकडं साडू. आयुष्यभर स्टिअरिंग हातात धरलेला माणूस पहिल्यांदाच मोकळ्या हातांनी लांबच्या प्रवासाला बसला होता. गगनबावड्यापर्यंत ते आक्कांना सूचना देत होते. घाट लागला आणि सूचना कमी झाल्या. काही वळणांनंतर बंदच झाल्या. साडू गप्प बसलेत म्हटल्यावर आम्हा मागच्या दोघांनाही काळजी वाटायला लागली. मग बारीक आवाजात ते म्हणाले, "काच खाली घे." आक्कांनी एकदा बाजूला पाहिलं आणि रुंद जागा बघून गाडी थांबवली.

उलट्या थांबल्यावर साडू कठड्याला टेकून बसले. चेहरा पांढराफटक, मिशा भिजलेल्या. आक्कांनी पर्समधून लिंबू काढलं. स्वतःला गरज उरली नव्हती, तरी सवयीनं त्या ते घेऊन आल्या होत्या.

"इतकं हुतंय व्हय गं?" लिंबू नाकाशी धरून साडूंनी विचारलं.

"हुतंय की."

"मग कधी बोलली न्हाईस त्ये."

"तोंड उघडाय भ्या वाटायचं," आक्का म्हणाल्या, आणि स्टिअरिंगवर जाऊन बसल्या.

लेकीच्या दारात गाडी थांबली तेव्हा आक्का सगळ्यांत आधी उतरल्या. भाकरतुकडा ओवाळून घेतला आणि तडक आत गेल्या. आधी कधी आलेल्या नसताना त्या घरातली प्रत्येक खोली त्यांना माहीत होती. भांड्यांच्या भिंतीवर त्यांनी तळहात टेकवला आणि तो तसाच ठेवून उभ्या राहिल्या. लेक "आई, बस की" म्हणत होती आणि स्वतःच रडत होती. साडू पडवीत आडवे झाले होते. मी शेजारी बसलो. डोळे मिटूनच ते म्हणाले, "पावणं, त्यो टायवाला आठवतोय?"

"आठवतोय."

"मी सगळ्या कोल्हापुरात सांगत फिरलो, हिला गाडी लागती, हिला गाडी लागती. त्यो एकटा बराबर समजला हुता. हिला गाडीच लागत हुती. लई उशीर केला मी."

आतून भिंतीला लावायच्या रंगाबद्दल आक्कांचा आवाज येत होता, आणि साडू तो ऐकत पडून राहिले.

आता रविवारी माझा फोन वाजत नाही. चहा शांतपणे पिता येतो, आणि खोटं कशाला बोलू, तो मला पूर्वीइतका गोड लागत नाही. आक्का मनात आलं की घाट उतरतात. साडू डावीकडं लिंबू घेऊन बसतात, जाताना एकदा आणि येताना एकदा कठड्यापाशी उतरतात, तक्रार करत नाहीत. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, एवढा त्रास होतो तर येताना तरी तुम्ही का चालवत नाही?

साडूंनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मला साधं काही कळतच नाही.

"मग हिला लागंल की," ते म्हणाले.